शेवंतावहिनी, कप ठेवला तिथंच दोष होता

वहिनी, तुमच्या घरचा तो जुना कॉम्प्युटर आता माह्या दुकानात टेबलावर आहे. सकाळपासून तीनदा चालू केला अन तीनदा बंद केला. चालू झाला की पंखा घरघरते, पडद्यावर पिवळट उजेड येते, अन मेल उघडायले गेलो की तो लेकाचा आपोआप फोन लावायले लागते. मागं फोनची तार नाही. तुमच्या तांड्यातला तो फोन कटून जमाना झाला, पण त्याले काय मालूम. थोडा वेळ वाट पाह्यते अन खाली लिहून देते की डायल टोन नाही. मी म्हणतो, मले माहीत आहे बाप्पा, चूप बस. मंग पुन्हा लावते.

काल प्रेमसिंग आणून ठेवून गेला. तुमाले जाऊन आज नऊ दिवस झाले. तुमचा नवरा अन माहा शाळेपासूनचा दोस्त, पण काल दुकानात शिरला तवा मले ओळखूच आला नाही. दाढी वाढलेली, शर्टाच्या गुंड्या वरखाली लागलेल्या. कॉम्प्युटरचा डबा टेबलावर ठेवला, स्टुलावर बसला अन म्हणाला, "सुधाकर, पाच वर्षं मी मस्कतले होतो. घरून दर ऐतवारी मेल आला. सगळे बाबाचे. तिची एक ओळ नाही आली मले. मागं एकदा विचारलं तं हासली नुसती. तूच बसवलता ना हा? पाह्य बरं. कुठी काही लिहून ठेवलं असन तिनं, पाठवायचं राह्यलं असन. तेरवीच्या आधी पाह्य. अन तेरवीले दोन शब्द तुले बोलायचे आहेत, बाबानं सांगितलं."

मी म्हटलं, पाह्यतो.

वहिनी, यात तुमचं काही नाही. मले पाहायची गरजच नाही. काहून नाही, ते फक्त दोघाइले माहीत होतं, एक तुमी अन एक मी. आता एकटा मीच राह्यलो. म्हणून जीव थाऱ्यावर नाही. दुकानात बसलो की वाटते उठावं, उठलो की वाटते कुठी जावं. सकाळी एका बाईचा प्रिंटर उलटा जोडून दिला. ती म्हणाली, दादा तब्येत बरी नाही काय? मी म्हटलं, बरी आहे. अन तिच्यावरच खेकसलो.

तुमाले सगळं मालूम आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. मले एकदा तरी हे धड सांगता आलं पायजे. कायम मी अर्धंच सांगत आलो.

प्रेमसिंग मस्कतले रस्त्याच्या कामावर मशीन चालवायले गेला, तवा तुमचं लग्न होऊन दीडच वर्ष झालतं. तुमचे सासरे, म्हणजे बाबा, तांड्याचे नायक, सगळा तांडा त्यायच्या शब्दावर. आख्ख्या तांड्यात फोन एक, तो नायकाच्या बैठकीत. प्रेमसिंगच्या कंपनीच्या हापिसात इंटरनेट होतं, म्हणून बाबानं माह्या दुकानातून जुना कॉम्प्युटर नेला. मी पुसदमध्ये नुकताच क्लास टाकलता, तीन मशिनी अन एक पाटी. बाबा मले मास्तर म्हणे. ऐतवारी मोटरसायकल काढायची, अर्ध्या तासात तांडा, अन मंग बसायचं त्या मोडेमच्या नादी लागून.

तुमच्या घरची रीत मले पहिल्याच दिवशी समजली. सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नाही. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, अन बाबा बैठकीत असले की तुमी दाराच्या मागं. मले काही नवल वाटलं नाही. माही माय माह्या आज्यासमोर कधी बोलली नाही, आम्ही कुणबी म्हणून काही लय पुढं गेलेले नव्हतो. पण मी गाडी लावत होतो तवा तुमी अंगणात होत्या, अन माही माय नेरची आहे हे कळल्यावर तुमी हासल्या. तुमचं माहेर नेरजवळच्याच तांड्याचं. तवापासून मी भाऊ झालो. भावासंगं बोलता येते. पण भाऊ बैठकीत बाबाजवळ बसला की झालं, तुमचं बोलणं बंद.

पहिले तीन ऐतवार तं माही फजितीच झाली. फोन लागे, दहा मिनिटं चाले अन कट. कधी लागेच नाही. पहिल्या ऐतवारी मी मोडेमचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. दुसऱ्या ऐतवारी मोडेमच बदललं. तिसऱ्या ऐतवारी आख्खी सिस्टीम पुसून नव्यानं टाकली, दुपारचे बारा ते चार. बाबा खुर्चीवर काठीले हनुवटी टेकवून बसलेले. माह्या कानामागून घाम गळून राह्यला अन कॉम्प्युटर म्हणते, लाईन मिळाली नाही. अबे, मिळाली नाही म्हणजे काय!

तवा तुमी चहा घेऊन आल्या. टेबलावर जागा होती. तुमी कप टेबलावर ठेवला नाही. भिंतीतल्या त्या कोनाड्यात ठेवला, खिडकीजवळ, अन गेल्या. मले राग आला. म्हटलं कशी बाई आहे, चहा प्यायले माणसानं उठावं काय. उठलो. कप उचलला तं मागं दिसलं, स्वैपाकघरातून येणारी फोनची तार तिथंच जोडलेली. दोन तारा पिळून वर काळी पट्टी गुंडाळलेली, अन पट्टी तेलावाफेनं सुटलेली. आतलं तांबं हिरवं पडलतं. चाकूनं खरवडलं, नव्यानं पिळलं, पट्टी लावली. अन काय सांगू, पहिल्याच झटक्यात लागलं.

बाबानं काठी आपटली. "वा मास्तर! भेजा आहे तुह्याजवळ."

मी म्हटलं, "अनुभव आहे बाबा, दुसरं काय."

तुमी दाराच्या मागंच होत्या. मले तुमच्या बांगड्या ऐकू आल्या. मी तिकडं पाह्यलं नाही.

त्या दिवशी मी समजलो नव्हतो, देवाशपथ. मले वाटलं योगायोग आहे. पण पुढच्या खेपेले कप तुमी फोनच्या डोक्यावर ठेवला. एकदम रिसीव्हरवर, हालला असता तं सगळा चहा बाबाच्या धोतरावर. मी फोन उचलून पाह्यला, बटणं दाबली, आवाज ठीक. मंग डोस्क्यात उजेड पडला की बटण दाबल्यावर आता टूं टूं वाजते, पहिले टकटक वाजे. टेलिफोनवाल्यांनी तिकडं मशीन बदललं होतं अन माहा कॉम्प्युटर अजून टकटक करूनच नंबर लावत होता. सेटिंगमधली एक खूण बदलली अन काम झालं. बाबा खूश, मी त्याहून खूश. कप खाली ठेवताना मले पक्कं कळलं की तुमी मले सांगून राह्यल्या. जिथं दोष तिथं कप.

वा रे वा, काय तुमची ती तऱ्हा! पुढं पुढं तं मी आल्याबरोबर कॉम्प्युटरले हातही लावत नव्हतो. नुसता इकडं तिकडं स्क्रू पिळत टाईम काढायचा अन चहाची वाट पाहायची. एकदा कप मोडेमच्या डब्यावर आला, डबा तापून कढत झालता. एकदा तुमी कप थेट बाबाच्या खुर्चीच्या पायाजवळ खाली ठेवला. बाबा म्हणे, ही काय जागा झाली? खुर्चीचा पाय तारीवर होता, वहिनी. बाबा हालले की कट, बाबा स्थिर की चालू. तुमी दाराच्या मागं पदर तोंडात कोंबून हासून राह्यल्या होत्या, मले दिसलं.

अन एका ऐतवारी चहाच आला नाही. एक तास झाला, दीड झाला. मी सगळं उघडून बसलेलो. बाबाले ते सहन झालं नाही, घरी आलेल्या माणसाले चहा नाही म्हणजे नायकाच्या घराची इज्जत गेली. ते तुमच्या बोलीत आत ओरडले. मले गोर बोली येत नाही, पण ते बोलणं कळायले बोली लागत नव्हती. लय वाईट बोलले. तुमी आतून हूं का चूं केलं नाही. मी तारा धरून बसलो, अन तवाच माह्या लक्षात आलं. चहा नाही म्हणजे दोष घरात नाही. बाहेर गेलो, खांबाजवळ बाभळीची फांदी तारीले घासत होती. फांदी कापली, आलो, लागलं. बाबा म्हणे, वा मास्तर, घरात बसून खांबावरचं ओळखलं! मंग चहा आला. लय साखरेचा.

तवा मी एक वाक्य बोलायचं होतं. "बाबा, वहिनीवर ओरडू नका, त्यायनंच सांगितलं मले." एवढंच. जिभेवर आलतं. मंग चहा प्यालो अन गेलो.

दुरुस्तीबद्दल तुमचं बोलणं मले एकदाच धड ऐकायले मिळालं. बाबा कायच्या तरी बैठकीले मुकुटबनकडं गेलते, मले माहीत नव्हतं. तुमी अंगणात तूर पाखडत होत्या. मी आत जाऊन बसलो, लावून राह्यलो, कट होऊन राह्यलं, पुन्हा लावून राह्यलो. तुमी अंगणातूनच म्हणाल्या, "भाऊ, एक सांगू? राग तं नाही येणार?"

"सांगा ना."

"तुमी लय घाई करता. कट झालं की लगेच लावता. लाईनले सुटायले थोडी फुरसत तं द्या. तव्यावरची भाकर चिकटली असली तं ओढत नाही आपण, थोडं थांबलं की आपोआप सुटते." सूप थांबलं नव्हतं तुमचं. "अन पडद्याकडं पाहू नका, कान द्या. पहिले आपला नंबर लावते. मंग तिकडचा चिरकते, मंग इकडचा चिरकते. दोघाइचं चिरकणं एकमेकात मिसळलं की लागते. नुसतं घरघरलं की तारीत पाणी शिरलं समजा. अन चालता चालता एकदम तुटलं, तं कोणाचा तरी फोन येऊन राह्यला. ते बंद करता येते म्हणे टेलिफोनवाल्याइले सांगून. तुमी सांगा ना त्यायले."

मी उंबऱ्यात येऊन उभा राह्यलो. "तुमाले कसं मालूम एवढं?"

"मी दिवसभर कोणाच्या संगं असते भाऊ? भांडे अन हे. भिंतीच्या अल्याड मी, पल्याड हे."

मी थांबून लावलं. लागलं.

वहिनी, त्या दिवसापासून माह्या क्लासात मी हेच शिकवलं. पोट्ट्याइले सांगत होतो, डोळे मिटा, मोडेम ऐका. तव्यावरच्या भाकरीचंही सांगत होतो, तुमचीच भाकर, माह्या नावावर. लोकं म्हणायले लागली की सुधाकर नुसता आवाज ऐकून सांगते दोष कुठी आहे. हापिसं बोलावू लागली, शाळा बोलावू लागल्या, नेरपर्यंत माही गाडी जाऊ लागली. तीनाच्या दहा मशिनी झाल्या. आज हे जे दुकान आहे, ज्यात बसून मी हे लिहून राह्यलो, ते तुमच्या कानावर उभं राह्यलं. लय उपकार आहेत तुमचे. हे तुमी असताना मी एकदाही बोललो नाही, अन आता बोलतो तं तोंड कडू होते.

पण माहा खरा गुन्हा तो नाही. तो पुढं आहे. उठतो जरा, पाणी पिऊन येतो.

आलो. तं मेल. बाबा सांगे अन मी टाईप करत होतो, मराठी, पण इंग्रजी अक्षरात. घरी सर्व खुशाल. कापूस बरा आहे. बैल विकला. काकाचा पाय बरा झाला. तुमी दाराच्या मागं. दरवेळी शेवटी मी विचारत होतो, "बाबा, वहिनीचं काही?" बाबा म्हणे, "तिचं काय असते? खुशाल लिही." मी खुशाल लिहीत होतो. प्रेमसिंगचा फोनही ये कधी कधी, पण तो बैठकीतच, बाबासमोर, तुमी त्यात काय बोलणार? कागदावर लिहून पाह्यलं होतं तुमी. पण त्याची साईट वाळवंटात दर दोन महिन्याले हाले, दोन पत्रं फिरून परत आली, अन बाबानं ती बैठकीत सगळ्यांसमोर फोडली. त्यायच्या मनात काही नव्हतं, घरातलं पत्र आहे म्हणून फोडलं. पण त्यानंतर तुमी कागदावर लिहिलं नाही.

अन एक दिवस मी गाडीले किक मारून राह्यलो होतो, तवा तुमी गोठ्याजवळून आल्या. पदर डोक्यावर, पण तोंड उघडं.

"भाऊ, मले शिकवा."

"काय?"

"ते मेलचं. दहावी झाली माही, इंग्रजी अक्षरं येतात. बाबा तुमचं ऐकतात. तुमी एकदा विचारा त्यायले. क्लासात पाठवा म्हणा, नाही तं इथंच शिकवा. मले मस्कतले लिहायचं आहे, माह्या हातानं."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मले सांगा ना वहिनी, मी लिहितो. बाबाले कळू नाही देत."

तुमी माह्याकडं असं पाह्यलं की मी किक मारायची विसरलो. "नवऱ्याले लिहायचं ते तुमच्या तोंडी कसं सांगू भाऊ?"

मी म्हटलं, "पाहू."

अन पाह्यलं नाही. पुढच्या ऐतवारी नाही, त्याच्या पुढच्या ऐतवारी नाही. तुमी दोनदा कप ठेवताना थांबल्या, मी तारीत डोकं घातलं. मनाले सांगत राह्यलो की नायकाचं घर आहे, रीतभात आहे, आपण बाहेरचे, कायले मधात पडावं. सगळं खोटं. बाबा हो म्हणाले असते की नाही ते मले माहीत नाही, कारण मी विचारलंच नाही. मी विचारलं नाही, कारण तुमी त्या खुर्चीवर बसल्या असत्या तं महिन्याभरात सगळ्याइले कळलं असतं की इतके दिवस दुरुस्ती कोण करत होतं. मास्तरचा भेजा कोणाचा होता ते कळलं असतं. एवढ्यासाठी वहिनी. एवढ्याशा गोष्टीसाठी.

मंग मोबाईल आले, फोनची तार गेली, प्रेमसिंगही परत आला. कॉम्प्युटरवर चादर पडली. मले वाटलं, सुटलो.

मागच्या पोळ्याच्या आधी तुमी दुकानात आल्या, बैलाच्या झुलीचं कापड अन रंग घेऊन. मोबाईल चार्ज होत नव्हता. मी पिन साफ करून राह्यलो, अन तुमी एकदम विचारलं, "भाऊ, तुमी तवा बाबाले काहून नाही विचारलं?"

वीसेक वर्षांनी! मी हासायले गेलो. तुमी हासल्या नाही.

"अवो वहिनी, ते नसते हो म्हणाले."

"ते नाही म्हणाले असते तं ते त्यायचं झालं असतं. तुमी विचारलंच नाही. ते तुमचं."

मले राग आला. खरं बोललेलं लागते ना, तसा. म्हटलं, "मंग दुसऱ्या कोणाकडून शिकायचं होतं!"

"दुसरा कोण येत होता आमच्या घरी?"

"अन आता काय त्याचं? आता मोबाईलवर सगळं लिहिता तुमी."

"आता ते घरीच असतात भाऊ," तुमी म्हणाल्या. मोबाईल घेतला, पैसे किती ते विचारलं नाही, झुलीचं कापड काखेत मारलं अन गेल्या. मी मागून ओरडलोही नाही. दिवसभर चिडचिड केली. मनात तुमच्यासंगं भांडत राह्यलो, अन मनात मीच जिंकत होतो. म्हटलं दिवाळीले जाईन तांड्यावर, नीट बोलीन, माफी मागीन. दिवाळीले गेलो नाही. संक्रांतीले जातो म्हटलं. अन मंग प्रेमसिंगचाच फोन आला, छातीत दुखलं म्हणे, यवतमाळच्या वाटेवरच सगळं झालं.

भांडण अर्धं ठेवून गेल्या तुमी. आता मी कोणासंगं भांडू?

आता हे पाहा, दुपारचे दोन वाजले, गिऱ्हाईक दारात उभं आहे अन मी त्याले उद्या ये म्हणून हाकललं. प्रेमसिंगनं सकाळपासून दोनदा फोन केला, सापडलं काय म्हणून. त्याचा आवाज असा होता की जसं काही मी खिशातून तुमचं पत्र काढून देणार आहे. खोटं बोलणं सोपं आहे, वहिनी. यंत्र खराब झालं, सगळं पुसलं गेलं म्हणायचं. तो मानन. उलट त्याले बरंच वाटन, की होतं काहीतरी, गेलं. पण वीस वर्षं तो असं समजून राह्यला की त्याच्या बायकोले त्याले लिहावंसं वाटलं नाही. अन तुमी त्याले माहं नाव सांगितलं नाही, नुसत्या हासल्या. माहं नाव लपवलं तुमी. आता मी तुमचं काय लपवू?

तेरवीची वाट नाही पाहत. शटर पाडतो अन जातो.

वहिनी, जाऊन आलो. आता दिवे लागले. लिहून काढतो.

बाबा ओसरीत बाजेवर बसलेले. आता नजर गेली त्यायची, कान मात्र शाबूत. प्रेमसिंग जवळच खाली बसलता. मले पाहून तो उभाच राह्यला. मी म्हटलं, बस, दोघाइलेही सांगायचं आहे. अन सांगितलं. कोनाड्यातल्या कपापासून. मधात थांबलो नाही, थांबलो असतो तं सांगितलंच नसतं. फोनवरचा कप, खुर्चीच्या पायाजवळचा, चहा नाही आला तो ऐतवार, तूर पाखडताना तुमी बोलल्या ते, गोठ्याजवळ मागितलं ते, माहं पाहू, पोळ्याचं भांडण. सगळं.

बाबा बोटानं बाजेची दोरी चाचपून राह्यले. मंग म्हणाले, "चहासाठी मी तिले ओरडलो होतो."

"हाव बाबा."

"लय ओरडलो होतो."

मी बाजेजवळ खाली बसलो.

"मले सांगितलं असतं तं मी उठून बाहेर बसलो असतो," बाबा म्हणाले. "ती तुह्यासंगं बोलली असती. शिकली असती. मले काय जागेची कमी होती?" मंग त्यायनं मान माह्या आवाजाच्या दिशेनं वळवली. "अन मास्तर, मी तं उठत होतो. मले त्या डब्याचा कंटाळा येत होता. दर ऐतवारी मी उठत होतो, अन तूच हात धरून बसवत होता. बाबा बसा, पाहा आता लागते."

खरं आहे वहिनी. ते मी पार विसरलो होतो, अन बाबानं म्हटल्याबरोबर आठवलं, हाताची पकडसुद्धा आठवली. बाबा उठले असते तं वा मास्तर कोण म्हणणार होतं? बाबाले मीच बसवत होतो, अन बाबा बसलेले म्हणून तुमी चूप, अन तुमी चूप म्हणून माहं नाव. मी बाबाचे पाय धरले. त्यायनं पाय ओढून नाही घेतले, डोक्यावर हातही नाही ठेवला. एवढंच म्हणाले, "तेरवीले हेच सांगजो. मी समोर बसतो."

मी प्रेमसिंगकडं वळलो. मले वाटलं तो आता शिव्या देईन, अंगावर येईन. आला असता तं बरं झालं असतं. तो जमिनीकडं पाहून राह्यला, अन मंग हळूच, लहान पोरासारखं, म्हणाला, "म्हणजे तिले लिहायचं होतं."

"हाव."

"मले."

"हाव, तुलेच."

त्याचे डोळे भरले, पण तोंडावर काहीतरी उजळलं होतं, मी खोटं नाही बोलत. नऊ दिवसात पहिल्यांदा तो माह्याजवळ सरकून बसला. माहा हात धरला अन विचारलं, "काय लिहिणार होती ती?"

बाबाही कान देऊन बसले.

मी म्हटलं, "मले माहीत नाही प्रेमसिंग. वहिनीले ते मले सांगायचं नव्हतं. म्हणूनच तं शिकायचं होतं."